‘निवळणे’ या शब्दाचा खण

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खण आहे. अख्खे कपाट नव्हे, पेटीही नव्हे. काम असले की बाहेर ओढायचा आणि झाले की गुडघ्याने आत ढकलायचा, असा नुसता खण. तुम्ही म्हणाल, खणाला कसले आले आहे आयुष्य? पण माझ्या पोटात एके काळी अकराशे शब्द होते. त्यांतला एक शब्द मला आजही स्वस्थ बसू देत नाही. त्या शब्दाची आणि दोन बहिणींची गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नाही.

पाडलेल्या एका शाळेचे दरवाजे एका सुताराकडे आले होते. त्या फळ्यांतून त्याने एक मोठे कपाट आणि त्याचे अठ्ठेचाळीस खण बनवले. हा सुतार मोठा मिस्कील होता. "इतकी वर्षं पोरांचे धक्के खाल्लेत, आता जरा शहाण्या माणसांत जा," असे म्हणत त्याने माझ्या दोन्ही कडांवर मेणबत्ती घासली. त्यामुळे मी लोण्यासारखा आतबाहेर सरकू लागलो. मग चार हमालांनी आम्हाला चष्म्याच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर चढवले. तिथल्या दोन खोल्यांत शब्दकोशाचे कार्यालय होते.

माझ्या कपाळावर पितळी चौकट बसवली गेली आणि तीत चिठ्ठी सरकवली गेली: ‘नि’. ‘क’ला चार खण मिळाले म्हणून तो भाव खायचा. ‘ण’च्या खणात तर घालायला शब्दच नव्हते, तिथे चहाची पावडर ठेवत. मी मात्र मधला, कामाचा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. माझ्या पोटातून एक बारीक सळई जायची आणि तिच्यात शब्दांची कार्डे ओवलेली असायची.

कार्यालयाचा एक कडक नियम होता. प्रत्येक कार्डावर वर शब्द, त्याखाली अर्थ आणि त्याखाली एक वाक्य लिहायचे. हे वाक्य कुठल्या तरी जिवंत माणसाने खरोखर बोललेले हवे. तळाशी तीन गोष्टी हव्यात: कोण बोलले, कुठे आणि केव्हा. मुख्य संपादकांना सगळे सर म्हणत. नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाला ते पहिल्याच दिवशी सांगत, "वाक्य रचायचं नाही, ऐकायचं. रचलेलं वाक्य आणि ऐकलेलं वाक्य यात कागदी फुलाचा आणि खऱ्या फुलाचा फरक असतो."

या नियमापायी तिथल्या माणसांना एक खोडच जडली. ती कुठेही गेली तरी पर्समध्ये, खिशात कोरी कार्डे असायची. कुणी काही चांगले बोलले की बोलणाऱ्याला तिथेच थांबवून आधी लिहून घ्यायचे. एकीची दाढ काढताना डॉक्टर जे पुटपुटले, ते दुसऱ्या दिवशी ‘उपटणे’च्या कार्डावर हजर. नातेवाईक यांच्यासमोर बोलायला कचरत. आम्हा खणांना याची गंमत वाटायची. पुढे हीच खोड काय करणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक होते?

‘न’ अक्षराचे काम दोन सख्ख्या बहिणींकडे होते. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो. खणाने कुणाला कशाला अहो-जाहो करायचे? धाकटी वाक्ये गोळा करायची, थोरली ती तपासायची. धाकटी बोलकी, जिना चढून आली की माझ्या उजव्या कोपऱ्यावर हात टेकून दम खायची आणि मग खोकून हसायची. तिथले माझे पॉलिश तिच्याच तळव्याने गेले आहे. थोरली काटेकोर. तिच्या नजरेतून एक काना सुटत नसे. पण तिला आवडलेले वाक्य मिळाले की ती कार्डावर बरोबरची खूण करताना जीभ किंचित बाहेर काढायची, लहान मुलीसारखी.

दोघींचे वडील घड्याळे दुरुस्त करायचे. थोरली त्यांच्या हाताखाली शिकून तयार झाली होती, दुकान तीच चालवणार असे त्यांनी धरून ठेवले होते. ती शब्दकोशाच्या कामाला लागली आणि वडिलांनी तिच्याशी बोलणे टाकले. एका घरात, एका टेबलावर जेवून, दोन वर्षे अबोला. मग वडिलांना झटका आला, वाचा गेली आणि नवव्या दिवशी ते गेले. ते गेल्यावर पाचव्या दिवशी थोरली पुन्हा कामावर आली आणि तिने माझ्यातली चाळीस कार्डे तपासली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, पण तिने त्यातली बारा कार्डे उलटी ओवली. असे पूर्वी कधी झाले नव्हते.

त्याच सुमारास ‘निवळणे’ हा शब्द कामाला आला. पहिल्या अर्थासाठी पाण्याच्या टाकीवरच्या कामगाराचे वाक्य होते: "हात घालू नका, पाणी निवळू द्या." दुसऱ्यासाठी एका बसचालकाचे: "आभाळ निवळलं की निघू." अडले ते तिसऱ्या अर्थाशी, म्हणजे राग, ताण, तंटा यांचा जोर जाऊन मन शांत होणे.

सरांनी विचारले, "राग शमतो, राग ओसरतो, राग निवळतो. तिन्हींत फरक नसेल, तर वेगळा अर्थ कशाला छापायचा?"

धाकटी म्हणाली, "फरक आहे ना, सर. ओसरलेला राग पुन्हा चढतो. शमलेला आत कुठेतरी धुमसत असतो. निवळलं म्हणजे कसं, गढूळ पाणी कुणी ढवळलं नाही की गाळ आपसूक खाली बसतो. मग तळ दिसतो. कुणाला काही लपवावं लागत नाही."

"सुरेख. पण हे तुम्ही रचलंत," सर हसून म्हणाले. "कुणीतरी बोललेलं आणा."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खोलीत कुणी नव्हते. धाकटी माझ्याजवळ बसली आणि कार्ड लिहू लागली. एक फाडले, दुसरे फाडले, तिसरेही फाडले. चौथे तिने सळईत ओवले. मित्रांनो, त्यावरचे वाक्य मी तुम्हाला जसेच्या तसे सांगतो: "थोरलीवरचा माझा राग केव्हाच निवळलाय. तिला सांग." कोण बोलले: वडील. कुठे: घरी, अंथरुणावर. केव्हा: तारीख चौदा.

दुपारी थोरली तपासायला बसली. ते कार्ड तिने वाचले आणि तिचा चेहरा असा मऊ झाला, की मी तसा तो पूर्वी पाहिला नव्हता. तिने ओठ घट्ट मिटले. पुन्हा वाचले. तिसऱ्यांदा वाचताना तिची नजर तारखेवर गेली. वडिलांची वाचा गेली होती ती अकरा तारखेला.

"हे काय आहे?" तिने विचारले. खोलीतली सगळी माणसे लिहायची थांबली.

धाकटीच्या तोंडचे पाणी पळाले. "ताई, त्या दिवशी त्यांनी माझा हात धरला आणि तुझ्या खोलीकडे बोट केलं. दोनदा केलं. बोलता आलं असतं तर हेच बोलले असते ते."

"बोलता आलं असतं तर? हे आपण कार्डावर कुठे लिहितो?" थोरलीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्य घातलंस. आणि तेसुद्धा मला बरं वाटावं म्हणून. अशी अजून किती घातली आहेस?"

"एकच."

"ते आम्ही बघू," थोरली म्हणाली.

आणि तिने खरोखरच बघितले. धाकटीने सहा वर्षांत लिहिलेले प्रत्येक कार्ड खणांतून बाहेर निघाले. बोलणाऱ्या माणसांकडे जाऊन विचारले गेले, पत्रे गेली, फोन झाले. सहा आठवडे हे चालले होते आणि धाकटी रोज समोर बसून होती. कुणी तिच्याशी मोकळेपणाने बोलेना. न जाणो, काय लिहून ठेवील. शेवटी सगळी कार्डे खरी निघाली. खोटे ते एकच होते. थोरलीने त्यावर लाल शाईने ‘बनावट’ असे लिहिले.

धाकटीने पर्समधली कोरी कार्डे टेबलावर ठेवली. जाताना तिने सवयीने माझ्या कोपऱ्यावर हात टेकला. "एकच होतं, ताई. तुझ्यासाठी होतं," एवढे बोलून ती जिना उतरून गेली. पुढे तिने दुसऱ्या गावी शाळेत नोकरी धरल्याचे मी ऐकले.

त्यानंतर सात वर्षे ‘निवळणे’चा तिसरा अर्थ वाक्यावाचून राहिला. लोक वाक्ये आणत आणि थोरली प्रत्येकात खोट काढी. हे ऐकीव आहे, हे पुस्तकी आहे, यात तारीख नाही. सर थकले. ‘न’चा खंड छापखान्यात जायला तयार होता, त्या एका अर्थापाशी गाडी अडली होती. तो अर्थ गाळून टाका असे कुणी म्हटले की थोरली कपाटाकडे पाठ करून उभी राहायची. ती कशाची वाट पाहत होती, हे सगळ्यांना कळत होते. बोलून दाखवायची छाती कुणालाच नव्हती.

मग एके दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मी तेव्हा कपाटाबाहेर, टेबलावर, फोनच्या अगदी शेजारी होतो. फोन जुना होता, पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू यायचा.

"ताई, मी बोलतेय."

थोरली उभी होती, ती खाली बसली.

"आहेस ना तिथे?"

"आहे."

"दहा मिनिटांत मला आत नेतील. पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं काही नाही. म्हटलं, त्याआधी सांगून टाकावं." ती खोकली, नेहमीसारखी. "माझं केव्हाच निवळलंय गं. तुझं निवळलं की सांग."

मित्रांनो, थोरलीचे डोळे भरून आले, हे मी माझ्या पितळी चौकटीची शपथ घेऊन सांगतो. ती आता बोलणार, असे मला वाटले. तिने तोंड उघडलेही. पण तेवढ्यात तिचा उजवा हात आपोआप कोऱ्या कार्डाकडे गेला. नऊ वर्षांची सवय ती. खरे, ऐकलेले, सात वर्षे न सापडलेले वाक्य समोर होते, आणि ते निसटून जाईल की काय असे त्या हाताला वाटले.

"एक मिनिट, थांब," ती म्हणाली आणि तिने फोन टेबलावर उपडा ठेवला.

ती लिहू लागली. वर शब्द, खाली अर्थ, मग वाक्य, एकही अक्षर इकडचे तिकडे न करता. फोनमधून बारीक आवाज आला, "थांबलेय." थोरलीला तो ऐकू आला नाही, लिहिताना तिला काहीच ऐकू येत नसे. पण मला ऐकू येत होते. चाकांची घरघर आली. एक बाई म्हणाली, "चला, झालं का बोलून?" आणि धाकटीचा आवाज, "एक मिनिट हं, सिस्टर. माझी ताई काहीतरी सांगणार आहे." मी लाकूड, मी ओरडणार कसा? सळई वाजवता आली असती तर मी वाजवली असती.

कोण बोलले: धाकटी बहीण. कुठे: फोनवर. केव्हा: थोरलीने घड्याळात पाहून वेळसुद्धा लिहिली. मग तिने फोन कानाला लावला. "हं, बोल. छोटी?" फोनमध्ये नुसती घुरघुर होती.

"संध्याकाळी करते," ती स्वतःशीच म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. तिने कार्ड सरांना नेऊन दाखवले, त्यांनी ते दोनदा वाचले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी सगळ्यांना चहा झाला. कुणीतरी म्हणालेही, अखेर गाडी सुटली.

चार वाजता पुन्हा फोन आला. हॉस्पिटलमधून होता. धाकटी ऑपरेशनच्या टेबलावरून परत आलीच नव्हती.

तेव्हापासून, मित्रांनो, त्या खोलीत काहीतरी राहिले. ते कार्ड माझ्यात नीट बसेना. बाकीची अकराशे कार्डे एका ओळीत असायची आणि ते बोटभर वर आलेले दिसायचे. कितीही दाबून बसवले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. सळई वाकली आहे म्हणून ती बदलली, तरी तेच. सकाळी अकराच्या पुढे जिन्यावर पावले वाजत आणि वर कुणी येत नसे. आणि माझा उजवा कोपरा अधूनमधून उबदार व्हायचा, कुणीतरी तळवा टेकून उभे असावे तसा. मी घाबरलो नाही. मला फार वाईट वाटले. तिला थांब म्हणून सांगितले होते आणि ती थांबली होती, इतकेच.

थोरलीलाही ते जाणवत असावे, कारण ती माझ्या उजव्या बाजूला कधी खुर्ची ठेवू देत नसे. खंड छापायला जाताना सर म्हणाले, "हे वाक्य नको असेल तर काढू. तुम्ही ठरवा." ती म्हणाली, "राहू द्या. बोललेलं वाक्य आहे." आता तो खंड कितीतरी वाचनालयांत असेल. विद्यार्थी ते पान उघडत असतील, अर्थ बघत असतील आणि पान मिटत असतील. त्या खंडाचे फार कौतुक झाले. पाहुणे आले की सर मला बाहेर ओढून दाखवत, सगळे माझ्या पितळी चौकटीची तारीफ करत. मला ती नकोशी व्हायची.

पुढे संगणक आले. एक चुणचुणीत मुलगी सगळी कार्डे वाचून यंत्रात भरू लागली. ‘निवळणे’पाशी ती थबकली आणि मोठ्याने वाचून म्हणाली, "मॅडम, याच्या पुढचं वाक्य नाहीये का?"

"पुढचं म्हणजे?" थोरलीने विचारले. तिचे केस तोवर पांढरे झाले होते.

"म्हणजे ही म्हणतेय, तुझं निवळलं की सांग. मग समोरचीने काय सांगितलं?"

"त्याची नोंद नाही," थोरली म्हणाली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. ती मुलगी बिचारी, आपले काय चुकले म्हणून इतरांकडे बघत राहिली.

काम यंत्रात गेल्यावर आमची रवानगी जिन्याखाली झाली. ‘क’च्या खणात कुणी खिळे ठेवले, ‘स’मध्ये जुने बल्ब. ओल लागून मी फुगलो, माझा एक सांधा निखळला, चौकट काळी पडली. एवढी वर्षे शब्द सांभाळलेल्या लाकडाने शेवटी धूळ सांभाळावी, याचे मलाही दुःख झाले. नोकरीच्या शेवटच्या दिवशी थोरली जिन्याखाली आली. तिने फक्त मला ओढून काढले आणि छातीशी धरून घरी नेले. वडिलांच्या हत्यारांतला एक छोटा पेचकस घेऊन तिने माझा सांधा घट्ट केला आणि कडांवर मेणबत्ती घासली. माझ्यात आता एकच कार्ड आहे. ते अजूनही तिरके, वर आलेलेच असते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना ओलीत टाकू नका, आमच्या कडा फुगतात आणि मग आम्ही उघडत नाही. तेवढी काळजी घ्या. पण त्याहून एक मोठी विनवणी आहे. तुमच्यावर रुसलेले किंवा तुम्ही ज्याच्यावर रुसला आहात असे कुणी कधी आपणहून येऊन म्हणाले, की माझे निवळले आहे, तर हातातले काम खाली ठेवा. पेन असो, पुस्तक असो, काही असो. ते वाक्य कितीही सुंदर असले तरी ते सांभाळून ठेवायला गेलात तर फसाल. त्याला आधी उत्तर द्या. सांभाळायला आम्ही खण आहोतच.

थोरली रोज सकाळी माझ्यासमोर बसते. अकरा वाजून दहा मिनिटे झाली की ती ते कार्ड हातात घेते आणि चारचौघांत बोलावे तसे स्पष्ट म्हणते, "माझंही निवळलं गं, छोटी." मग कार्ड हातात धरूनच ती माझ्या उजव्या कोपऱ्याकडे बघत थोडा वेळ थांबते, पलीकडून कुणी काही बोलेल म्हणून.